अक्षरओळख ते अध्ययन निष्पत्ती : हिंगोली परिसरातील वाचन-शिक्षण आणि अभ्यासक्रमाचे निकष

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा हा जिल्हा प्रशासनाच्या दृष्टीने नवा असला तरी त्याची भाषिक परंपरा फार जुनी आहे. संत नामदेवांशी निगडित असलेले नर्सी आणि विसोबा खेचरांच्या कथेतील औंढा ही स्थळे याच भूमीत आहेत. असे असूनही शालेय साक्षरतेच्या बाबतीत हा परिसर दीर्घकाळ मागे राहिला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याचा साक्षरता दर ७८.१७ टक्के होता व स्त्रियांमधील प्रमाण पुरुषांच्या तुलनेत बरेच कमी होते.

ही टक्केवारी नेमके काय मोजते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू व लिहू शकते ती साक्षर, अशी जनगणनेची व्याख्या आहे. परंतु प्रगणक कोणाकडून वाचून घेत नाही. तो विचारतो आणि सांगितलेले उत्तर नोंदवितो. शाळेचा निकष याहून वेगळा असतो. कोणत्या इयत्तेत मुलास काय वाचता यावे हे तेथे लिहून ठेवलेले असते, आणि ते लेखन गेल्या सुमारे पस्तीस वर्षांत अनेकदा बदलले. किमान अध्ययन क्षमता, क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, अध्ययन निष्पत्ती, निपुण भारत ही नावे जिल्हा परिषद शाळेतील कोणत्याही ज्येष्ठ शिक्षकास परिचित आहेत. प्रस्तुत लेखात या निकषांचा हिंगोली परिसराच्या संदर्भात ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. निकष आले ते बहुधा नोंदवहीच्या वाटेने; अक्षर शिकविण्याची रीत मात्र त्यांच्या मागून, सावकाश आणि काही वेळा आलीच नाही. जेथे निकष शिकविण्याच्या रीतीशी जोडला गेला तेथेच तो मुलाच्या उपयोगी पडला, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

निजामकालीन वारसा : कोणत्या लिपीत साक्षर?

निजामाच्या हैदराबाद संस्थानात हिंगोली, कळमनुरी व वसमत हे भाग परभणी जिल्ह्यात मोडत. संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात राज्यकारभारातील फारसीची जागा उर्दूने घेतली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठरविले. त्याचा परिणाम खालच्या वर्गांपर्यंत पोहोचणे अपरिहार्य होते. तहतानिया, वस्तानिया आणि फोकानिया या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या शाळांच्या चढत्या पायऱ्यांवर विद्यार्थी जसजसा वर जाई तसतशी मराठी मागे पडे. तहतानियाच्या खालच्या वर्गांत मातृभाषेला जागा असली, तरी पुढे शिकावयाचे तर उर्दू आलीच पाहिजे अशी स्थिती होती.

यामुळे या भागात 'साक्षर' या शब्दाला एकच अर्थ राहिला नाही. पोथी वाचणारा देवनागरी जाणत होता, कुळकर्णी व सावकार मोडीत व्यवहार करीत होते, आणि कचेरीतील कागद उर्दूत होता. गावातील एखादा गृहस्थ हरिपाठ अस्खलित वाचू शके, परंतु स्वतःच्या जमिनीचा कागद त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. असा मनुष्य साक्षर की निरक्षर, याचे उत्तर कोणत्या कागदावर बोट ठेवले आहे यावर अवलंबून होते. मुंबई इलाख्यात याच काळात वेगळी चर्चा चालू होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध या दोन्ही लिप्यांतील वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे, अशी मागणी केली होती. खेड्यातील मुलाला प्रत्यक्षात कोणता कागद वाचावा लागतो, येथून अभ्यासक्रमाचा विचार सुरू करण्याची ही दृष्टी होती. तिचा लाभ संस्थानी मराठवाड्यास मिळाला नाही.

गावठी शाळेतील अध्यापनाची रीत मात्र दोन्हीकडे सारखीच होती. धूळपाटीवर ओनामा, त्यानंतर मुळाक्षरे, मग बाराखडी, सोबतीला पाढे आणि पावकी-निमकी असा क्रम असे. सर्व मुले एका सुरात म्हणत. या पद्धतीचा पाठांतराशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. तिचा वाचनाशी असलेला संबंध मात्र कच्चा होता. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत न अडखळता म्हणणारे मूल मधलेच एखादे अक्षर सुटे दाखविले की थबकते, कारण त्याने अक्षर ओळखलेले नसते, ओळीतील त्याची जागा ओळखलेली असते. हा दोष पंतोजींच्या शाळेबरोबर संपला असे मानणे धाडसाचे होईल.

मराठी माध्यमाची आकांक्षा या काळात खासगी राष्ट्रीय शाळांनी जपली. १९२१ मध्ये स्थापन झालेली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, परभणी जिल्ह्यातील सेलूचे नूतन विद्यालय या संस्थांचे कार्य मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. स्वामी रामानंद तीर्थ हे स्वतः प्रथम शिक्षक होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय ठरते. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे मूळ गाव असलेले नरहर कुरुंदकर (जन्म १९३२) यांच्या पिढीने घरची भाषा एक व शाळेची भाषा दुसरी हा अनुभव बालपणी घेतला. पुढे मराठी वैचारिक लेखनात या पिढीने जे कार्य केले ते या पार्श्वभूमीवर अधिकच मोलाचे वाटते.

मराठी शाळा, जिल्हा परिषद आणि ग्रामशिक्षण मोहीम :

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यरत झाल्या व ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेले. या चौदा वर्षांत माध्यमाचा प्रश्न सुटला, परंतु शाळा, इमारती आणि प्रशिक्षित शिक्षक यांची उणीव मोठी होती. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजेच 'बालभारती'ची स्थापना झाली आणि राज्यातील सर्व मराठी शाळांना एकच वाचनपुस्तक मिळू लागले. एका अर्थी राज्यव्यापी वाचन-निकषाचा हा आरंभ होय. निकष स्वतंत्रपणे लिहिलेला नव्हता. पुस्तक संपविणे हाच निकष होता.

प्रौढांच्या बाबतीत १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम हा महत्त्वाचा टप्पा आहे. पुढे ती राज्यभर नेण्यात आली व १९७२ मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. गावाने ग्रामदैवतासमोर साक्षर होण्याची शपथ घ्यावी, चौदा ते पन्नास वयोगटातील सर्वांनी शिकावे आणि अखेरीस ग्रामगौरव समारंभ व्हावा, असे तिचे स्वरूप होते. येथे साक्षरतेचे एकक व्यक्ती नसून गाव होते, ही कल्पना आजही विचारात घेण्यासारखी आहे. मात्र समारंभानंतर वाचावयास काय मिळणार, याची व्यवस्था दुर्बळ राहिली. नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळण्याचे प्रमाण मोठे होते, हे त्या मोहिमेच्या अभ्यासकांनी वेळोवेळी दाखवून दिले आहे.

क्षमतांचे दशक :

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिक शिक्षणाच्या गुणवत्तेचा प्रश्न ऐरणीवर आणला. खडू-फळा योजनेतून किमान दोन खोल्या, दोन शिक्षक व आवश्यक साहित्य देण्याचा प्रयत्न झाला. त्यापाठोपाठ प्रा. रवींद्र दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९१ मध्ये प्राथमिक स्तरावरील किमान अध्ययन क्षमतांचा अहवाल सादर केला. भाषेच्या बाबतीत श्रवण, भाषण, वाचन, लेखन, आकलन, कार्यात्मक व्याकरण, स्वयंअध्ययन, भाषेचा वापर आणि शब्दसंपत्ती अशी नऊ क्षेत्रे ठरविण्यात आली. प्रत्येक क्षेत्रात इयत्तानिहाय क्षमता लिहिल्या गेल्या आणि प्रत्येक क्षमतेस दशांश पद्धतीचा क्रमांक मिळाला. किमान ८० टक्के विद्यार्थ्यांनी किमान ८० टक्के क्षमतांवर प्रभुत्व मिळवावे, अशी अपेक्षा होती. महाराष्ट्राचा १९९५ चा प्राथमिक शिक्षण अभ्यासक्रम याच विचारावर उभा राहिला.

या बदलाचे ऐतिहासिक मूल्य कमी लेखता येणार नाही. पुस्तक संपले म्हणजे शिक्षण झाले, या समजुतीला प्रथमच अधिकृत आव्हान मिळाले. शिक्षकाने काय शिकविले याऐवजी मुलास काय येते, असा प्रश्न विचारला जाऊ लागला.

हिंगोली परिसरास या बदलाची झळ व लाभ दोन्ही लवकर मिळाले, कारण १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील जे पाच जिल्हे निवडले गेले त्यांत औरंगाबाद, लातूर, नांदेड व उस्मानाबाद यांच्याबरोबर परभणी जिल्हाही होता. त्या वेळी हिंगोली हा परभणीचाच भाग होता. कमी स्त्री-साक्षरता ही निवडीमागील एक प्रमुख कसोटी होती. शाळाखोल्या, शिक्षक-प्रशिक्षणे, गट साधन केंद्रे, केंद्रशाळेतील मासिक बैठका ही सर्व यंत्रणा या काळात आकारास आली. याच दशकात 'स्मार्ट पी. टी.' या नावाने राज्यभरातील प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण झाले.

परंतु वर्गात नेमके काय बदलले? क्षमतांची नोंदवही आली. प्रत्येक मुलाच्या नावासमोर क्षमतेचे क्रमांक व प्राप्तीच्या खुणा करणे हे शिक्षकाचे नित्याचे काम झाले. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, त्यांतील दोन-दोन वर्ग एका शिक्षकाकडे, अशी रचना असताना दोन इयत्तांच्या सर्व विषयांतील क्षमता मुलागणिक नोंदविणे हे प्रत्यक्षात कितपत शक्य होते, याची कल्पना करता येते. शिवाय क्षमतेचे विधान आणि ती क्षमता मिळविण्याची रीत यांत अंतर होते. 'साधी व परिचित जोडाक्षरे असलेले शब्द वाचता येणे' अशा आशयाचे विधान शिक्षकाला गंतव्य सांगते. परंतु ज्या मुलास 'प्र' आणि 'र्प' यांतील भेद कळत नाही त्याच्यासाठी उद्या सकाळी काय करावयाचे, हे ते सांगत नाही.

मराठी लिपीचे स्वरूप लक्षात घेतले म्हणजे ही अडचण अधिक स्पष्ट होते. देवनागरीत उच्चार व लेखन यांचा मेळ इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक आहे, हे खरे. पण चौतीस व्यंजने आणि बाराखडीची बारा रूपे यांचा गुणाकार चारशेच्या वर जातो, आणि जोडाक्षरे त्याखेरीज. पारंपरिक क्रमात आधी सर्व मुळाक्षरे, मग बाराखडी व अखेरीस शब्द येत असल्याने मूल कित्येक महिने अर्थहीन खुणा गिरवीत बसते. काना-मात्रा नसलेल्या शब्दांपासून आरंभ करावा तर 'बदक', 'मगर', 'गवत' अशा मोजक्या शब्दांतच फिरत राहावे लागते आणि मुलाच्या बोलण्यातील शब्द दूर राहतात. याउलट, अक्षरांचा लहान गट घेऊन त्याबरोबरच काना शिकविला तर? क, न, म, र आणि काना एवढ्या पाच खुणांत काका, मामा, कान, नाक, मान, रान, कर, कारण सोडून, कितीतरी शब्द पहिल्या पंधरवड्यात वाचता येतात. 'कारण' मात्र 'ण' येईपर्यंत थांबते, आणि मुलालाही ते थांबणे समजते. अक्षरगटांच्या या पद्धतीस महाराष्ट्रात भक्कम प्रायोगिक आधार मिळाला तो शासकीय चौकटीच्या बाहेर. फलटण येथे डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने वंचित वस्त्यांतील मुलांसोबत केलेले वाचन-लेखनाचे काम, तसेच पुढील काळात पालघर परिसरातील आदिवासी मुलांसोबत 'क्वेस्ट' या संस्थेने केलेले काम ही त्याची ठळक उदाहरणे होत. पाठ्यपुस्तकांनीही कालांतराने वर्णमालेचा क्रम सोडून अक्षरगटांचा क्रम स्वीकारला. मात्र भिंतीवरचा तक्ता बहुतेक ठिकाणी 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतच राहिला.

त्या तक्त्याविषयी थोडे विषयांतर येथे अप्रस्तुत ठरणार नाही. चित्रावरून अक्षर शिकविण्याच्या कल्पनेत मूल चित्राला जे नाव देते त्याचा पहिला ध्वनी म्हणजे ते अक्षर, असे गृहीत असते. 'ण' व 'ळ' यांनी शब्दाचा आरंभच होत नसल्याने 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा' म्हणावे लागते व तेथेच हा नियम मोडतो. हिंगोली जिल्ह्यातील तांड्यावरच्या शाळेत तो पहिल्याच पानावर मोडतो. सेनगाव, औंढा, कळमनुरी या तालुक्यांत बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. घरी गोरबोली बोलणारे मूल आईला 'याडी' म्हणते. आईचे चित्र पाहून त्याच्या मनात जो शब्द उमटतो त्याच्या आरंभी 'आ' नाही. ते मूल 'आ' शिकत नाही असे नाही. पण त्याच्यासाठी चित्र हा आधार न राहता पाठ करावयाची आणखी एक गोष्ट होते. मराठी मातृभाषा असलेल्या मुलाचीही बोली पुस्तकाहून वेगळी असते. 'मी जेवायलो' असे बोलणारे मूल 'मी जेवत आहे' हे वाक्य वाचताना 'जेवायलो' म्हणाले, तर त्याने अर्थ अचूक पकडलेला असतो. क्षमतेच्या नोंदवहीत मात्र ही चूक ठरते. जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, आंध आदिवासींची वस्ती आहे, कळमनुरी येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. एवढ्या भाषिक विविधतेत एकाच क्रमांकाची क्षमता सर्वत्र एकच गोष्ट मोजते, हे गृहीतक तपासून पाहण्याची गरज होती. त्या दशकात ते तपासले गेल्याचे दिसत नाही.

नवा जिल्हा, नवे निकष :

१९९९ नंतर हिंगोलीस स्वतःची जिल्हा परिषद व शिक्षण विभाग मिळाला. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली, त्याच सुमारास वस्तीशाळा सुरू झाल्या आणि पहिलीपासून इंग्रजीही आली. सर्व शिक्षा अभियानातून शाळाखोल्या वाढल्या. १ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा अंमलात आला. त्यानुसार २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आकारिक व संकलित अशी मूल्यमापनाची दोन अंगे निश्चित झाली. आकारिक मूल्यमापनातील वर्णनात्मक नोंदीमागील कल्पना उत्तम होती : शिक्षकाने मुलाचे निरीक्षण करून त्याच्याविषयी आपल्या शब्दांत लिहावे. थोड्याच काळात तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका बाजारात विकत मिळू लागल्या. निरीक्षणाचे निकषात व निकषाचे नमुन्यात रूपांतर किती लवकर होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

२००९ च्या शासन निर्णयाने वर्णमाला व लेखनपद्धती प्रमाणित केली. 'ॲ' व 'ऑ' यांचा समावेश झाला आणि बाराखडीची चौदाखडी झाली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. पायाभूत चाचण्या घेऊन मूल ज्या पातळीवर आहे तेथून त्याला पुढे न्यावे, हे त्याचे सूत्र होते. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील ज्ञानरचनावादी शाळा पाहण्यासाठी या काळात राज्यभरातून शिक्षक गेले. परतल्यावर वर्गाच्या फरशीवर रंगीत आकृत्या उमटल्या. आकृत्या नेणे सोपे होते. मूल स्वतः शब्द बनविते तेव्हा शिक्षकाने केव्हा बोलावे आणि केव्हा थांबावे, ही जाण नेणे अवघड होते. तथापि, या कार्यक्रमाने एक गोष्ट निश्चित साधली. मुलाची इयत्ता आणि मुलाची पातळी या दोन भिन्न बाबी आहेत, हे जाहीरपणे बोलले जाऊ लागले. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या 'असर' पाहणीने त्यासाठी भूमी तयार केली होती. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या पातळ्यांचा एक कागद घेऊन मुलाच्या घरी जाणे, ही त्या पाहणीची रीत कोणत्याही पालकास समजेल इतकी साधी होती. २०१७ मध्ये अध्ययन निष्पत्ती आल्या. त्यांनाही सांकेतिक क्रमांक होते.

दिवाळीपर्यंतची अक्षरे :

हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात या सर्व निकषांची खरी परीक्षा स्थलांतरित मुलांच्या बाबतीत होते. वसमत येथे पूर्णा सहकारी साखर कारखाना असला आणि काही भागांत सिंचन असले, तरी सेनगाव, औंढा व कळमनुरीच्या डोंगराळ, कोरडवाहू पट्ट्यातून अनेक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात ऊसतोडीसाठी आणि इतरत्र वीटभट्टी व बांधकामासाठी जातात. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शाळेचे पहिले सत्र जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीला संपते. म्हणजे कोयत्यावर जाणाऱ्या आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलाचे संपूर्ण दुसरे सत्र बुडते.

वाचन-शिक्षणाच्या दृष्टीने याचा अर्थ अगदी नेमका आहे. पहिलीच्या पुस्तकात अक्षरे व स्वरचिन्हे क्रमाने येतात. दिवाळीपर्यंत जी झाली तेवढी मुलाला भेटतात. उकार, मात्रा, वेलांट्या यांतील उरलेली चिन्हे व जोडाक्षरांचा परिचय दुसऱ्या सत्रात जातो. शिक्षण हक्क कायद्यातील तरतुदीनुसार मुलास मागे ठेवले जात नसे. म्हणून जूनमध्ये ते दुसरीत बसे. वय दुसरीचे, निकष दुसरीचे, अक्षरे दिवाळीपर्यंतची. पुढील वर्षी हेच पुन्हा घडे. अशा मुलास इयत्तेच्या निकषाने मोजले तर ते 'अप्रगत' ठरते आणि ही अप्रगती त्याच्या बुद्धीची असल्याचा समज वर्गात, घरी व अखेर त्याच्या स्वतःच्या मनात घर करतो. वस्तुतः ते जेवढे दिवस शाळेत होते तेवढ्या दिवसांत इतर मुलांइतकेच शिकलेले असू शकते.

या प्रश्नावर खरा उपयोग झाला तो निकषांपेक्षा व्यवस्थेचा. हंगामी वसतिगृह योजनेत मूल गावातच राहते, सकाळ-संध्याकाळ त्याच्या जेवणाची सोय केली जाते आणि शाळा अखंड चालू राहते. आजी-आजोबा वा नातेवाईक सांभाळण्यास असतील तेथे ही योजना यशस्वी ठरते. नसतील तेथे, विशेषतः मुलींच्या बाबतीत, पालक मुलास मागे ठेवण्यास धजत नाहीत. लहान भावंडे सांभाळण्यासाठी मोठ्या बहिणीस नेले जाते, हे वास्तव कोणत्याही नोंदवहीत क्षमतेच्या रकान्याखाली येत नाही. कारखान्यांच्या परिसरात चालविलेल्या साखरशाळांचा प्रयोगही राज्यात झाला. तेथे वेगवेगळ्या जिल्ह्यांतून, वेगवेगळ्या पानांवर थांबलेली मुले एकत्र येत. त्यामुळे इयत्तेनुसार शिकविणे तेथे मुळातच अशक्य होते. प्रत्येकास कोणती अक्षरे येतात येथूनच सुरुवात करावी लागे. शासकीय परिपत्रकांत 'पातळीनुसार अध्यापन' हा शब्द रूढ होण्यापूर्वी गरजेपोटी ते तेथे घडत होते.

मिनिटाला किती शब्द?

५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. करोनाकाळात मार्च २०२० पासून शाळा दीर्घकाळ बंद राहिल्याने झालेली हानी समोर होती. 'असर'च्या आकडेवारीनुसार ग्रामीण भारतात तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ पर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ वर आले. घट भरून निघाली, असे यावरून म्हणता येते. परंतु ज्या पातळीवर ती भरून निघाली ती पातळी मुळातच चारांपैकी एका मुलाची होती, हे विसरता येत नाही. 'निपुण'ने दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द व तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थासह वाचणे हे लक्ष्य ठेवले व त्यासाठी २०२६-२७ ही मुदत निश्चित केली.

मिनिटाला शब्द मोजण्याची ही फूटपट्टी नवी मानली जाते, परंतु ती नवी नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने प्रौढांसाठी असेच मानदंड ठरविले होते : मोठ्याने वाचताना मिनिटाला ३० शब्द, मनात वाचताना ३५, पाहून लिहिताना ७ आणि श्रुतलेखनात ५. त्यासाठी तीन प्रवेशिका व सुमारे दोनशे तास अशी आखणी होती. १९९० नंतरच्या संपूर्ण साक्षरता अभियानात कंदिलाच्या उजेडात भरलेल्या वर्गांना याच मापाने मोजले गेले. प्रवेशिकेतच चाचणी छापलेली असे आणि ती सोडविल्याखेरीज पुढचा पाठ नसे. म्हणजे तेथे निकष व अध्यापन-साहित्य एकाच मुखपृष्ठात होते. शाळेतील मुलांसाठी वेगाचा मानदंड येण्यास त्यानंतर तीस वर्षे लागली आणि तो आला तेव्हा पाठ्यपुस्तक वेगळे, चाचणी वेगळी आणि नोंद करण्याचे साधन तिसरेच होते.

वेग मोजण्यास तात्त्विक आधार आहे. एकेक अक्षर लावीत वाचणाऱ्या मुलास वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभीचा शब्द आठवत नाही आणि अर्थ निसटतो. म्हणून सहज वाचन ही आकलनाची पूर्वअट आहे, हे मान्य करावेच लागते. प्रश्न आहे तो शब्द कशास म्हणावे याचा. हिंदीत 'खेत के कुएँ के पास' हे पाच शब्द होतात; मराठीत 'शेतातल्या विहिरीजवळ' हे दोन. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दास जोडून येतात, सामान्यरूपे होतात आणि शब्द लांबतो. तेव्हा मिनिटाला साठ शब्द वाचणारे मराठी मूल त्याच वेगाच्या हिंदी मुलापेक्षा प्रत्यक्षात पुष्कळच अधिक अक्षरे वाचीत असते. मार्च २०२२ मध्ये तिसरीच्या विद्यार्थ्यांसाठी वीस भाषांत झालेल्या पायाभूत अध्ययन अभ्यासाने भाषागणिक वेगवेगळे मानदंड काढले, ही या बाबतीतील महत्त्वाची दुरुस्ती होय. मात्र जिल्हा व तालुका पातळीवरील बैठकांतून खाली येतो तो बहुधा एकच सुटसुटीत आकडा.

आणखी एक बाब. एका मिनिटाच्या चाचणीत मूल 'विहिरीजवळ' या शब्दाशी अडले, तर त्यामागे तीन अगदी भिन्न कारणे असू शकतात. त्यास वेलांटी ओळखता येत नसेल, कारण ती शिकविली गेली तेव्हा ते उसाच्या फडावर होते. त्यास वेलांटी येत असेल, पण 'विहीर' या शब्दाचे 'विहिरी' हे सामान्यरूप त्याच्या घरच्या गोरबोलीत नसल्याने कानाला अनोळखी असेल. अथवा त्यास दोन्ही येत असतील आणि घड्याळ हाती घेऊन समोर बसलेल्या व्यक्तीमुळे ते बावरले असेल. वेगाच्या रकान्यात या तिघांची नोंद एकाच आकड्याने होते. दुसऱ्या दिवशी वर्गात मात्र पहिल्यास वेलांटी शिकवावी लागते, दुसऱ्याशी 'विहिरीत', 'विहिरीवर', 'विहिरीपाशी' असे बोलत बसावे लागते आणि तिसऱ्यास नुसते पुस्तक हाती देऊन कोपऱ्यात वाचू द्यावे लागते.